४०० टक्क्यांवर अडकलेला फोटो

मावसभावाचा मेसेज आला तो असा, "दादा, सहा तास घालवले आजी-आजोबांचा जुना फोटो दुरुस्त करण्यात, स्क्रीनवर झकास दिसत होता आणि आता प्रिंट बघ." सोबत प्रिंटचा मोबाईलवर काढलेला फोटो. तो बघून मला काहीच कळेना कारण मोबाईलवर तोही झकासच दिसत होता. मग दोन बोटांनी मोठा केला तेव्हा दिसलं, आजीचा डावा गाल मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत आणि उजवा गाल मात्र जुन्या फोटोत असतो तसा दाणेदार. एकाच चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या माणसांची कातडी. मागच्या पडद्यावर तर एकच डाग ओळीने चार वेळा उमटलेला, क्लोन स्टँपचे (फोटोचा एक तुकडा उचलून दुसरीकडे छापणारं टूल) ठसे, अगदी रबरी शिक्का मारल्यासारखे.

आधी आकडे सांगून टाकतो कारण पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच आहे. मूळ फोटो ४ बाय ६ इंच, उभा, ब्लॅक अँड व्हाईट, मधोमध घडी पडलेली, बारीक ओरखडे भरपूर. स्कॅन केला १२०० डीपीआयला, इंचाला १२०० ठिपके, म्हणजे ४८०० बाय ७२०० पिक्सेल, जवळजवळ साडेतीन कोटी. प्रिंट हवी होती १६ बाय २४ इंच, ती ३०० पिक्सेल दर इंचाला धरली तर बरोबर ४८०० बाय ७२००च लागतात, तेव्हा स्कॅनिंगमध्ये पठ्ठ्याने काहीच चुकवलं नव्हतं. लॅपटॉप १५.६ इंची, स्क्रीन १९२० बाय १०८०, सॉफ्टवेअर फोटोशॉप, हातात साधा चाकवाला माऊस.

खरं सांगायचं तर मला पहिला संशय प्रिंटवरच आला, कागद चकचकीत घेतला असेल, छापताना शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, जास्त लागलं असेल वगैरे. म्हणून त्याला म्हटलं फाईल पाठव. उघडली, कंट्रोल आणि १ दाबलं, फोटो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, आला आणि दोन सेकंदात मेणाचा गाल समोर. प्रिंटवाल्याने दिलेलं तेच इमानेइतबारे छापलं होतं, दोष फाईलमध्येच होता. मग प्रश्न असा की सहा तास त्या फोटोसमोर बसलेल्या माणसाला जे दिसलं नाही ते मला दोन सेकंदात कसं दिसलं, माझे डोळे काही त्याच्यापेक्षा चांगले नाहीत, चष्मा मलाच आहे.

त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, मूळ स्कॅनची कॉपी उघड आणि माझ्यासमोर दहा मिनिटं काम कर, मी बोलणार नाही, नुसता बघणार. आणि मी फोटो बघितलाच नाही, त्याचे हात बघत बसलो.

त्याचं असं चाललं होतं. फोटो उघडला की पूर्ण दिसतो, साधारण १२.५ टक्क्यांवर. मग कर्सर डावीकडे टूलबारपर्यंत, भिंगावर, म्हणजे झूमच्या टूलवर क्लिक, परत फोटोवर येऊन आजीच्या चेहऱ्यावर टकटक टकटक. मोजले, नऊ क्लिक. फोटोशॉपचे टप्पे ठरलेले असतात, १२.५ वरून १६.६७, मग २५, ३३.३३, ५०, ६६.६७, १००, २००, ३००, ४००. तिथे पोचला की परत टूलबार, डाग पुसणारा स्पॉट हीलिंग ब्रश, परत फोटोवर, आणि आता कामाला सुरुवात. मागे यायचं तर परत भिंग, वरच्या पट्टीतलं उणे चिन्हाचं बटण, आणि परत नऊ क्लिक. एक फेरी म्हणजे अठरा क्लिक आणि टूलबारच्या तीन-चार वाऱ्या. दहा मिनिटांत तो किती वेळा मागे आला असेल? एकदा. तेसुद्धा मी शेजारी बसलोय म्हणून असावं.

त्यात एकदा भलतीकडेच झूम झाला तर त्याने सवयीने कंट्रोल झेड दाबलं. झूम जागचा हलला नाही, उलट आधीचा ब्रशचा फटकारा गेला. फोटोशॉपमध्ये झूम हे नुसतं बघणं आहे, चित्रात त्याने काही बदल होत नाही म्हणून ते हिस्ट्रीत, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत, जात नाही, आणि अनडू मारलं की खरं केलेलं काम उडतं. "हे असं बऱ्याचदा होतं दादा, मला वाटायचं लॅपटॉप हँग होतोय." त्या सहा तासांतले किती मिनिटं तेच तेच परत करण्यात गेले असतील देव जाणे.

आता ४०० टक्क्यांवर नेमकं काय होतं ते बघा. पॅनल वगैरे सोडून त्याच्या स्क्रीनवर फोटोला साधारण १५०० बाय ९०० ची जागा उरते. ४०० टक्के म्हणजे फोटोतला एक पिक्सेल स्क्रीनवर चार बाय चारची चौकट होऊन बसतो, म्हणजे त्या जागेत फोटोचे फक्त ३७५ बाय २२५ पिक्सेल मावतात. अख्ख्या फोटोचा चारशेदहावा भाग. आजीचा चेहराच स्कॅनमध्ये सातशेच्या आसपास पिक्सेल रुंद होता, तर एका वेळी एक डोळा आणि नाकाचा थोडासा भाग, बास. दुसरा गाल दिसतच नाही, तर दोन्ही गाल जुळतायत का हे कळणार कुठून? आणि इतक्या जवळून जुन्या फोटोचा दाणा हा दाणा वाटतच नाही, घाण वाटते. काळे-करडे ठिपके. तो बिचारा एकेक ठिपका पुसत होता. ब्रशही चित्राच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो, म्हणजे २० चा ब्रश ४०० टक्क्यांवर स्क्रीनवर ८० चा दिसतो, अंगठ्याएवढा, म्हणून त्याने तो ८ वर आणलेला, आणि ८ च्या ब्रशने गाल पुसायचा म्हणजे शेकडो टिचक्या. डावा गाल असा घासून झाला, उजव्यापर्यंत येईतो कंटाळा आला, अर्धवट सोडला. म्हणजे फोटोतली ती सीमारेषा खरं तर त्याच्या कंटाळ्याची होती.

बरं, मधूनमधून पूर्ण फोटो तो बघत होताच की, मग तेव्हा का नाही दिसलं? ही मला या प्रकरणातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते. १२.५ टक्के म्हणजे फोटोतल्या आठ बाय आठ, एकूण ६४ पिक्सेलच्या वाट्याला स्क्रीनवरचा एकच पिक्सेल. फोटोशॉप त्या ६४ ची सरासरीसारखं काहीतरी काढून एक करडा ठिपका दाखवतं. आता ६४ दाणे कमी-जास्त असले तरी सरासरी करडी, आणि दाणे पुसून सपाट करडा केला तरी सरासरी तीच करडी. म्हणजे पूर्ण फोटोत मेणाचा गाल आणि दाणेदार गाल तंतोतंत सारखेच दिसणार, डोळे फाडून बघितलं तरी. ४०० वर दोन्ही गाल एकत्र दिसत नाहीत आणि १२.५ वर दोन्हीतला फरक दिसत नाही, चूक नेमकी मधल्या पट्ट्यात लपलेली आणि मधल्या पट्ट्यात तो थांबलाच नव्हता, तिथून फक्त क्लिक करत पुढे गेला होता.

पडद्यावरचे ठसे मात्र उलट. ते जवळून दिसत नाहीत, लांबून दिसतात. तेव्हा ते त्याला फिट स्क्रीनवर, म्हणजे पूर्ण फोटो स्क्रीनमध्ये मावतो तेव्हा, दिसायला हवे होते, आणि दिसलेही होते म्हणे, पण "परत नऊ क्लिक करून जायचं, मग तो डाग तिथे कुठेय ते शोधायचं, म्हटलं जाऊ दे, प्रिंटमध्ये नाही कळणार." हे त्याने सांगितलं आणि माझ्या डोक्यात प्रकरण मिटलं. त्याला रिटचिंग येत नव्हतं असं नाहीच, घडीची रेघ त्याने अशी काही सफाईने काढली होती की मला शोधून सापडली नाही. त्याला आत-बाहेर करणं महाग पडत होतं, म्हणून तो एका जागी बसून राहत होता. झूमचे शॉर्टकट वेळ वाचवायला असतात असं आपण म्हणतो, पण वाचलेले मिनिटं इथे गौणच होते. बाहेर यायला फुकट असतं तर तो दर दोन मिनिटांनी आला असता आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती.

मग शिकवणी. सगळे शॉर्टकट एकदम सांगितले की एकही राहत नाही हे माहीत असल्यामुळे आधी फक्त स्पेसबारचेच सांगितले, ब्रश हातात असतानाच कंट्रोल आणि स्पेसबार दाबून धर. कर्सरचं भिंग होतं, क्लिक केलं की आत, सोडलं की ब्रश परत हातात, टूलबारला जायचंच नाही. बाहेर यायला आल्ट आणि स्पेसबार. वरच्या पट्टीत स्क्रबी झूमची खूण केलेली असेल तर क्लिकही नको, कंट्रोल-स्पेस धरून माऊस उजवीकडे ओढला की आत, डावीकडे ओढला की बाहेर, टप्पे वगैरे काही नाही, सरळ गुळगुळीत. त्याची खूण काढलेली होती, आणि तशी ती नसली की त्याच कृतीने चौकट आखली जाते आणि चौकटीतला भाग स्क्रीनभर होतो, काही लोकांना तेच आवडतं. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, फक्त तिथे कमांड-स्पेस म्हटलं की स्पॉटलाइट उघडून बसतं, तर आधी स्पेस दाबायचा आणि मग कमांड. नुसता स्पेसबार धरला की हात येतो, फोटो धरून सरकवायचा. हे तीन त्याच्या बोटात बसायला वीसेक मिनिटं लागली असतील, मध्ये चार-पाच वेळा शिव्याही घातल्या, मला का कीबोर्डला माहीत नाही.

माऊसला चाक आहेच तर आल्ट धरून चाक फिरवणं त्याहून सोपं, आणि यात फायदा असा की कर्सर जिथे असेल तिथेच झूम होतो. कंट्रोल आणि अधिक चिन्हाने झूम होतो तो स्क्रीनच्या मध्यावर, मग आजीचा डोळा कुठल्या कुठे जातो आणि परत शोधाशोध. आल्टही नको असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टूल्समध्ये जाऊन झूम विथ स्क्रोल व्हील चालू करायचं. मी नाही करत, कारण मग नुसत्या चाकाने वर-खाली सरकणं बंद होतं आणि मला ते लागतं. ज्याची त्याची आवड.

टोकाला उडी मारायला दोनच, कंट्रोल शून्य म्हणजे पूर्ण फोटो स्क्रीनमध्ये, कंट्रोल १ म्हणजे १०० टक्के. कीबोर्ड नको असेल तर टूलबारमध्ये हातावर डबल क्लिक केलं की पूर्ण, भिंगावर डबल क्लिक केलं की १००. नऊ क्लिकच्या जागी एक. त्याला हे कळल्यावर तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

पण "तो डाग तिथे कुठेय" हा त्याचा खरा त्रास होता आणि त्याला औषध वेगळं. एच दाबून धरायचा, वर माऊसचं बटण दाबून धरायचं, अख्खा फोटो दिसतो आणि त्यावर एक चौकट येते, ती चौकट डागावर नेऊन ठेवायची आणि सोडायचं, आपण त्याच टक्क्यावर पण नव्या जागी. याला बर्ड्स आय व्ह्यू म्हणतात, ग्राफिक्स प्रोसेसर चालू असावा लागतो. इतकी वर्षं फोटोशॉप वापरणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं, मलाही उशिराच कळलं होतं. नॅव्हिगेटर पॅनल हेच काम कायम उघडं राहून करतं, लहान फोटो कोपऱ्यात आणि त्यावर लाल चौकट.

चेहऱ्यासाठी मात्र आम्ही दुसराच मार्ग धरला. विंडो मेनूत अरेंज, त्यात सगळ्यात खाली न्यू विंडो फॉर अमुक फाईल. याने फाईलची कॉपी होत नाही, तीच फाईल दुसऱ्या खिडकीत उघडते, मग दोन्ही शेजारी मांडायच्या, एकीत २०० टक्के आणि दुसरीत ५०. डावीकडे ब्रश फिरवला की उजवीकडे तेच लांबून बदलताना दिसतं. "हे आधी का नाही सांगितलंस?" आता मला काय माहीत होतं सहा तास तू ४०० वर ठाण मांडून बसणार आहेस.

आणि ५० टक्केच का, याचा हिशोब त्याच्या स्क्रीनपुरता सांगतो. १५.६ इंची १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला साधारण १४१ पिक्सेल. प्रिंट होणार इंचाला ३०० ने. १४१ भागिले ३०० केलं की येतात ४७ टक्के. म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर ५० टक्क्यांना चेहरा जवळपास तेवढाच दिसतो जेवढा भिंतीवरच्या प्रिंटमध्ये दिसणार. पट्टी घेऊन मोजलं आम्ही, आजीचा चेहरा प्रिंटमध्ये सव्वादोन-अडीच इंच आणि स्क्रीनवर त्याहून जरासा मोठा. व्ह्यू मेनूत प्रिंट साइज आहे पण ते आधी स्क्रीनचं रेझोल्यूशन प्रेफरन्सेसमध्ये खरं भरलेलं असेल तरच खरं दाखवतं, नाहीतर ७२ धरून काहीही दाखवतं. पन्नास लक्षात ठेवणं सोपं. तुमचा लॅपटॉप फोर के असेल तर हे सगळं बदलणार हां, १५.६ इंचात ३८४० पिक्सेल कोंबले की १०० टक्क्यांनाच छापील आकार येतो आणि दाणा बघायला २०० वर जावं लागतं. लोक फोर के घेतात आणि जुन्या सवयीने १०० वर शार्पनिंग तपासतात, आणि हमखास जास्त मारून बसतात, कारण त्या स्क्रीनवर सगळंच बारीक दिसतं.

एक आणखी, शार्पनिंग बघताना अर्धवट टक्के टाळलेले बरे. फिट स्क्रीनला १३.७ वगैरे काहीतरी येतं, कडा थोड्या खोट्या दिसतात. २००८ ला फोटोशॉपची सीएस४ आवृत्ती येऊन ग्राफिक्स कार्डावर झूम जाईपर्यंत ६६.६७ ला तर तिरप्या रेघांच्या पायऱ्या व्हायच्या, आता बरंच सुधारलंय, तरी मी २५, ५०, १०० वरच बघतो. आणि ५०० च्या वर गेलं की पिक्सेल ग्रिडची पांढरी जाळी दिसते, ती फोटोत नसते, व्ह्यूमध्ये शोमधून बंद होते. भावाने ती बघून एकदा अख्खा फोटो परत स्कॅन केला होता म्हणे.

मी स्वतः घरी गिंप हे दुसरं फोटो सॉफ्टवेअर वापरतो तर तिकडे बोटं वेगळी, कंट्रोल धरून चाक, नुसता १ म्हणजे १०० टक्के, शिफ्ट-कंट्रोल-जे म्हणजे पूर्ण, आणि १ च्या डावीकडचं बॅकटिकचं (`) बटण दाबलं की आधीच्या झूमवर परत, ही सोय फोटोशॉपने उचलावी असं मला फार वाटतं. फक्त व्ह्यूमधलं डॉट फॉर डॉट बघून घ्यायचं, ते बंद असेल तर १०० टक्के म्हणजे छापील आकार होतो, आणि १२०० डीपीआयचा स्कॅन मग मूळ फोटोएवढाच छोटा दिसतो.

दुसऱ्यांदा काम पहिल्यापासून करावं लागलं, कारण आधीचं सगळं त्याने बॅकग्राउंड लेयरवरच, म्हणजे थेट मूळ चित्रावर, केलं होतं, मागे जायला वाटच नव्हती. यावेळी वर रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर घेऊन, आणि ब्रशने खालचंही चित्र वाचावं म्हणून सॅम्पल ऑल लेयर्सची खूण करून. आधी फिट स्क्रीनवर पडदा आणि घडीच्या आजूबाजूचा उजेड-अंधार. मग ५० वर चेहरे, जे ५० वर टोचतं तेवढंच काढायचं. २०० च्या वर जायचं फक्त आजोबांच्या भुवईतून गेलेल्या एका ओरखड्यासाठी. दाण्याला हात लावायचा नाही. अडीच तासात झालं, आणि त्यात चहा धरून.

शेवटची तपासणी १०० टक्क्यांवर, होम दाबून डावा वरचा कोपरा, मग पेज डाऊन दाबत खाली, एका स्क्रीनला ९०० तर ७२०० म्हणजे आठ स्क्रीन, पहिला समोरच असतो म्हणून सात वेळा. तळाशी पोचलं की कंट्रोल आणि पेज डाऊनने एक स्क्रीन उजवीकडे, आणि पेज अप दाबत वर. अशा पट्ट्या तीन, १५०० च्या तीन म्हणजे ४५००. मी तेव्हा फोनवर होतो, त्याने तीन पट्ट्या पूर्ण केल्या, फाईल सेव्ह केली आणि पाठवून दिली.

प्रिंट छान आली. गाल दोन्ही सारखे, पडदा स्वच्छ. भिंतीवर लावल्यावर आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला, "दादा, उजवीकडे वर कोपऱ्यात एक केस आहे." फाईल उघडून बघितली. ४८०० वजा ४५००, शेवटच्या तीनशे पिक्सेलच्या पट्टीत, जिथे तिसऱ्यांदा कंट्रोल-पेज डाऊन दाबायला हवं होतं तिथे, स्कॅनरच्या काचेवरचा एक केस, आडवा. फाईलमध्ये दोन टिचक्यांत गेला. प्रिंट तशीच आहे.